घंटेला हात न लावता

१ जानेवारी २०२५, बुधवार

संकल्प. साखर बंद. शेजारच्या मंगलाशी वाद बंद. लोकांच्या मेसेजमधल्या चुका दाखवणं बंद, अगदीच असह्य असेल तेवढं सोडून. आणि ‘ग्रेलिंग हाऊस’चा दुसरा भाग घंटेला हात न लावता पूर्ण करायचा. पहिला केला तसाच.

पहिला भाग मी लॉकडाऊनमध्ये सोडवला. एकटीने. मेघाली शेजारी असायची, पण नुसती बसलेली. फार तर म्हणायची, आत्या, ती बरणी बघितलीस का गं? बरणी मी बघणारच होते.

किती छान गेम होता तो. एल्सी नावाची पोरकी मुलगी समुद्रकाठच्या मोठ्या घरात येते. प्रत्येक खोलीला कुलूप, प्रत्येक कुलपाला कोडं, कोडं सुटलं की गोष्ट थोडी पुढे सरकते. मारामारी नाही, धावपळ नाही. मागे मंद पियानो. कोपऱ्यात एक पितळी घंटा, तिच्यावर बोट ठेवलं की मदत मिळते. मी कधी ठेवलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये व्हरांड्यात अशीच घंटा होती. तिला हात लावायचा अधिकार फक्त मदर सुपीरियरना. एकदा एका मुलीने गंमत म्हणून वाजवली, तर तिला रविवारपर्यंत गोड मिळालं नव्हतं. आमच्या बॅचची मुलगी घंटेला हात लावत नाही. रक्तातच नाही ते.

२ जानेवारी

दुसरा भाग टॅबवर आला. मेघालीने पुण्याहून कोड पाठवला. तिच्या ऑफिसात फुकट वाटत असावेत. ती तिथे गेमच्या कंपनीत टेस्टिंगचं वगैरे काहीतरी बघते. शेजारपाजारी मी ‘आयटी’ सांगते. खोटं नाही.

मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘आत्या, शेवटपर्यंत जा. मग बोलू.’ एवढंच. पूर्णविराम जागेवर होता. कौतुक केलं.

या भागात एल्सी मोठी झाली आहे. भांडून घर सोडून गेली होती, आता परत आलीय. वरच्या मजल्यावर तिची आत्या राहते, मिस विनिफ्रेड. एल्सीला हिनेच वाढवलं असं आता सांगतायत. पहिल्या भागात ही बाई नव्हतीच. कुठून आणली कोण जाणे. खाली यायचं नाव नाही, वरूनच सूचना. शूज बाहेर. दिवा मालव. आणि काही झालं की, ‘आय न्यू इट.’ मला ठाऊकच होतं! इतका राग येतो.

आमचे हे, म्हणजे तात्या, बाहेरच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. म्हणाले, तुझं बोलणं कोणी टेप केलं?

ह्यांना ऐकू कमी येतं. दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, बनवण्याच्या कारखान्यात उभा जन्म हातोड्याची ठकठक ऐकली, कान जाणारच.

३ जानेवारी

खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर नुसता गोंधळ. सगळ्या जगातले लोक आहेत. कोणी म्हणतं पहिल्याची सर नाही. कोणी म्हणतं मागचं पियानोचं संगीत का काढलं. कोणी म्हणतं गोष्ट फार हळू चालते, कोणी म्हणतं हळू चालते हेच तर छान. एका मुलाचं म्हणणं, विनिफ्रेड ही आजवरच्या कुठल्याही गेममधली सर्वात खरी बाई आहे. वय काय असेल ह्याचं? बाई पाहिलीय कुठे ह्याने?

शिवाय अशी बातमी, की ह्या भागाची गोष्ट जुन्या लोकांनी लिहिलेलीच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी टीमला दिली. तरीच!

मी अजून मत दिलेलं नाही. माझ्या मताला तिथे वजन आहे. ‘आत्या नंबर वन’ हे माझं तिथलं नाव. खातं मेघालीने उघडून दिलं होतं, नावही तिनेच ठेवलं. तिकडच्या लोकांना त्याचा अर्थ कळत नाही. त्यामुळे मी पूर्णपणे अनामिक.

५ जानेवारी, रविवार

मेघालीचा रविवारचा फोन. कुठवर आलीस, आत्या? म्हटलं, आताशी सुरुवात केलीय, घाई कसली. विनिफ्रेड कशी वाटली? म्हटलं, आगाऊ. हसली. खूप दिवसांनी हसली. मग म्हणाली, महिनाअखेरीला येईन म्हणते. उकडहंडी करशील?

दोन दिवाळ्या आली नाही ही मुलगी. म्हटलं, हंडीत उकडायला चांगली कोनफळं मिळाली तर बघू. (मंगलाकडे लगेच सांगून ठेवली. तिच्या वाडीतली चांगली असतात.)

दहा वर्षांची होती, भाऊ-वहिनी मनोरजवळ हायवेवर अपघातात गेले तेव्हा. इथे चिंचणीत आणली. रात्रंदिवस गप्प. एकदा पाहिलं तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडतेय, आवाज न करता. मी वरून ओरडले, सोंगं नकोत, काही लागलं तर हाक मारायची, मी खाली येते. मग मारायला लागली. पेन्सिल तुटली तरी हाक. माझे गुडघे त्या जिन्याने गेले.

मग बी.एस्सी. केलं. मी ओळखीतून तारापूर एमआयडीसीत लॅबमध्ये नोकरी ठरवली. घरापासून अर्धा तास, दुपारचा डबा घरचा. ती म्हणाली, मला गेम करायचेत. मी म्हटलं, खेळणं हा काही धंदा नाही. एवढंच म्हटलं. ती गेली.

चांगले कप आज काढून धुतले, पुसले, परत ठेवले. कपाटाला कुलूप. मेघाली आली की काढीन. किल्ली डाळीच्या डब्यात, ते फक्त मला माहीत.

८ जानेवारी

आज कमाल झाली. गेममध्ये कपाटात कप आहेत, कपाटाला कुलूप. सगळा ग्रुप तिथे अडकलाय. लोकांनी घड्याळं उघडली, फोटोंमागे पाहिलं, पियानोत हात घातला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पिठाच्या डब्यात बोट घातलं. किल्ली!

ग्रुपवर सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, पण हे तुम्हाला सुचलं कसं? कोण असं करतं? लिहिलं, ‘लॉजिक.’

पण बाई वेडसर खरी. चांगले कप कुलपात ठेवून स्वतः कानतुटक्या कपातून चहा पिते. कोणासाठी राखतेय? ह्या असल्या बायका पाहिल्या की कीव येते. चहा गार झाला माझा लिहिता लिहिता. कान तुटलेला कप धरायला त्रास होतो, बदलला पाहिजे.

९ जानेवारी

एल्सीच्या लहानपणाचा एक प्रसंग लागला. विनिफ्रेड तिला म्हणते, ‘प्ले इज नॉट अ प्रोफेशन, चाइल्ड.’

सबंध गेममधलं हे एकच वाक्य शहाणपणाचं.

साखर पुन्हा सुरू. थंडीत लागते.

११ जानेवारी

भरतीचं कोडं. ग्रुपवर हाहाकार. खिडकीत चंद्र, उजवीकडून जरासा झिजलेला. भिंतीवर चार रेघा. समोर थांबलेलं घड्याळ. ते बरोबर वेळेला लावलं तर पाणी चढतं आणि होडी धक्क्याला येते. लोक एक एक मिनिट काटा फिरवत बसलेत.

पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस, म्हणजे वद्य चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. काटा तीनवर. होडी आली.

हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि मी मेघालीला, बोटांच्या पेरांवर. इंग्लंडच्या समुद्रालाही पाऊणपटच चालते तर. गणित सगळीकडे सारखं.

ग्रुपवर पोर्तुगालचा एक गृहस्थ आहे, जन्मभर होड्या चालवतो म्हणे. त्याने लिहिलं, हा हिशेब त्यांच्या बंदरात बिलकूल बसत नाही, जगात कुठल्यातरी एखाद्याच किनाऱ्याला बसत असेल, लिहिणाऱ्याने तो किनारा का निवडला? मी त्याला उत्तर दिलं, की दोष समुद्राचा नसून निरीक्षणाचा असतो. गप्प झाला.

तात्यांना सांगितलं. म्हणाले, इंग्रजाला पाऊणपट कोणी शिकवली? मी म्हटलं, तुम्ही चष्मा पुसा.

१२ जानेवारी, रविवार

आता एकच दार राहिलंय, जिन्याच्या पायथ्याचं. संध्याकाळपर्यंत होईल. म्हणून मेघालीला फोनवर झाला असंच सांगितलं. चार तास इकडे तिकडे.

शेवटपर्यंत? म्हणाली. अगदी शेवटपर्यंत, म्हटलं. कसा वाटला शेवट? म्हटलं, अपेक्षित. मला आधीच कळला होता. मग म्हणाली, रडलीस का? मी म्हटलं, गेमला कोण रडतं गं? मग म्हणाली, शेवटी नावं येतात ती वाचलीस? मी म्हटलं, नावं कोण वाचतं?

पलीकडून काहीच नाही. मग, बरं आत्या.

लाइन खराब असावी. विषय बदलावा म्हणून विचारलं, तुझं टेस्टिंग कसं चाललंय? चाललंय, म्हणाली.

१४ जानेवारी, संक्रांत

दार उघडत नाही.

सगळ्या किल्ल्या लावून झाल्या. जिन्याच्या पायऱ्या मोजून तो आकडा टाकला. विनिफ्रेडचं जन्मवर्ष टाकलं. भरतीचा हिशेब टाकला. पायऱ्यांवरची फुलदाणी उलटी केली. एल्सी दारासमोर नुसती उभी. वरच्या मजल्यावर विनिफ्रेडच्या पावलांचा आवाज येतो, येरझाऱ्या घालते, पण खाली यायची नाही म्हणजे नाही.

मंगला तिळगूळ घेऊन आली. सख्खी चुलतजाऊ, भिंतीला भिंत लागून घर. मी टॅब लपवला नाही, त्यात लपवण्यासारखं काय. म्हणाली, आगो प्रिया, सकाळदरनं त्या दाराम्होरं उबी हायस, कोन घेत नाय काय तुला घरात?

वाद बंद, हा संकल्प आठवला. दोन लाडू जास्त खाल्ले.

१६ जानेवारी

ग्रुपवर जरा चौकशी केली. आडून. शेवटच्या दाराबद्दल ‘इतरांचं’ काय मत आहे म्हणून. सगळ्यांचं एकच, घंटा वाजवा. एकीने लिहिलं, वाजवलीत ना की कळेल, मी अर्धा तास रडत होते. पोर्तुगालवाल्यानेसुद्धा लिहिलं, मॅडम, फक्त घंटा.

म्हणजे हे सगळे मदत घेऊन सुटलेत! आणि वर रडतात! ह्यांच्यात एकही माणूस स्वतःच्या बुद्धीने पार झालेला नाही. मला वाटतं ह्या दाराला उत्तरच नाही. पैसे संपले असतील, गेम अर्धवट सोडला आणि विकला. घंटा वाजवली की कसलंतरी संगीत लावून देत असतील, लोक काय, कशालाही रडतात.

१७ जानेवारी, संकष्टी

दिवसभर दार. उपासाला भगर लागली बुडाला. तात्यांनी तशीच खाल्ली.

१८ जानेवारी, शनिवार

आज मत दिलं. गेमच्या मुख्य पानावर, जिथे सगळं जग वाचतं तिथे. इंग्रजीत, तीन परिच्छेद, एकही खाडाखोड नाही. सिस्टर अ‍ॅग्नेस असत्या तर वहीवर चांदणी चिकटवली असती. गेमला मात्र एकच चांदणी दिली, शून्य देता येत नाही म्हणून.

मुद्दे असे. पहिला भाग रत्न, दुसरा काच. कोडी पोरकट (किल्ली पिठाच्या डब्यात हे शेंबडं पोर ओळखेल). शेवटचं दार निव्वळ फसवणूक. मिस विनिफ्रेड ही बाई हट्टी, कोरडी, स्वतःच्या प्रेमात बुडालेली; अशी आत्या जगात नसते. पहिल्याच प्रकरणात ती जिन्यावरून पडून मेली असती तर गेम पुष्कळ सुधारला असता.

आणि शेवटचं वाक्य, ज्यावर मी सकाळी बराच वेळ घालवला: ‘ज्या कोणी हे लिहिलं आहे, त्याला आयुष्यात कधी कोणी माया लावलेली दिसत नाही.’

पाठवल्यावर फार हलकं वाटलं. दुपारी छान झोप लागली.

१९ जानेवारी, रविवार

माझ्या मताला किती लोकांनी अंगठे दिलेत! आणि चक्क कंपनीकडून उत्तर आलं. खाली सही नुसती ‘एम.’ लिहिलंय, खेळल्याबद्दल आभार. लिहिणारीला माया मिळाली आहे, भरपूर मिळाली आहे, ती दाखवण्यात मीच कमी पडले असेन. शेवटच्या दारापाशी एकदा घंटा वाजवून बघाल का? प्लीज.

बरी मुलगी दिसते, हळवी आहे. पण हीही घंटेवरच आली. मी उत्तर दिलं, की आपला नम्रपणा आवडला, मात्र दुसऱ्या वाक्यात स्वल्पविराम चुकला आहे.

मेघालीचा फोन आला नाही. रविवार ना आज? कॅलेंडर पाहिलं. रविवारच.

२१ जानेवारी

मंगलाने कोनफळं, रताळी आणि पापडीच्या शेंगा आणून टाकल्या. हिरवा लसूणही. मातीची हंडी धुवून उन्हात ठेवली. वांगी अजून आणायचीत. मेघाली वांगं खात नाही, पण वांग्याशिवाय उकडहंडी म्हणजे काय? खाईल.

फोन नाही. कामात असेल. मीच केला असता, पण रविवारी ती करते, ही पद्धत आहे. पद्धत मोडू नये.

२२ जानेवारी

मेसेज. ‘या वेळी जमणार नाही आत्या. सॉरी.’

‘नाही’ आणि ‘आत्या’ यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा. लिहिलं नाही. संकल्प पाळला.

नवीन गेम बाजारात आला की टेस्टिंगवाल्यांना फार काम पडत असेल. तात्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तू काय बोललीस तिला? मी म्हटलं, काहीही नाही. ते म्हणाले, काहीही नाही असं बोललीस, की काहीच बोलली नाहीस?

कोनफळं टिकतात. शेंगा नाही टिकत.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी.

नोंद असावी म्हणून लिहिते. घंटेला हात मी लावलेला नाही. मंगलाने लावला.

शेंगांचं काय करायचं विचारायला आली. मी त्या दारासमोरच होते. आता गेमसाठी नाही, नुसती सवय. ती माझ्या खांद्यावरून वाकली. म्हणाली, ही गंटा कसली गो? मी म्हटलं, हात लावू नकोस. तर तोवर लावला! म्हणाली, गंटा ती वाजवायलाच असते ना. देवळात काय नुसती बगत उबी राहते?

वाजली. वरची पावलं थांबली. मग जिन्यावर. एक पायरी, थांबणं, एक पायरी. गुडघे दुखणाऱ्या बाईचं उतरणं. दार उघडलं. आतल्या बाजूला कुलूप नव्हतंच. मिस विनिफ्रेड म्हणाली, (मी मराठीत लिहिते) ‘हाक मारायची होतीस. मी खाली येते.’ मग म्हणाली, ‘शूज बाहेर. जेवलीस का?’ मग कपाट उघडून तिने चांगले कप काढले. दोन.

तात्या आतून म्हणाले, कोण आलं?

मंगला म्हणाली, बाय आली ना खाली. चांगली हाय की गो ही. तुज्यासारकीच दिसते, नाकानं बोलते.

मग पडदा काळा झाला आणि नावं आली. मी टॅब बंद करणार होते. नावं कोण वाचतं? मंगलाने वाचली, एक एक अक्षर लावत, तिला इंग्रजी छापील अक्षरं येतात. ‘गोष्ट आणि कोडी.’ खाली नाव. म्हणाली, आगो, मेगाली चुरी. ही आपली मेगालीच ना?

त्याच्या खाली एक ओळ होती. ‘आत्यासाठी. हाक मारली की ती खाली यायची.’

मंगला माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, शेंगा घेऊन जा.

संध्याकाळी.

अंगठे वाढतायत.

२५ जानेवारी

‘अशी आत्या जगात नसते.’

डाळ, तांदूळ, पीठ, सगळे डबे घासायला काढले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेले नाही. तात्या जाऊन आले. येताना जिलेबी आणली, समोर ठेवली. म्हणाले, तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, काय? म्हणाले, टेप.

माझे मुद्दे पुन्हा वाचले. इंग्रजी खरंच निर्दोष आहे. सिस्टर अ‍ॅग्नेसनी चांदणी दिली असती का, आता कळत नाही. बहुतेक वही बंद करून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं.

माझं नाव तिनेच ठेवलं होतं तिथे. पहिल्या ओळीपासून तिला माहीत होतं कोण लिहितंय. आणि तिने ‘प्लीज’ लिहिलं. मी तिला स्वल्पविराम शिकवला.

आज रविवार. फोन नाही. पद्धत मोडली तर काय होतं?

फोन हातात घेतला. ठेवला. हंडी झाकून ठेवली.

२७ जानेवारी, सोमवार

काय म्हणायचं ते ठरवलं. म्हणणार होते, कामाच्या गडबडीत तुझा गेम नीट पाहता आला नाही. नको. म्हणणार होते, अकाउंट हॅक झालं. प्रणवचं, मंगलाच्या मुलाचं, मागे झालं होतं, तेव्हा अशक्य नाही. हे बरं वाटलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. विनिफ्रेडच दिसली.

शेवटी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावला.

आत्या? म्हणाली. सोमवारी? काय झालं? तात्या बरे आहेत ना?

मी म्हटलं, तात्या बरे आहेत. मला जरा मदत हवी होती.

म्हणाली, मदत? तुला?

आता कसली ते सांगायला हवं होतं. सॉरी हा शब्द जिभेवर होता, कॉन्व्हेंटमध्ये दिवसातून दहादा म्हणायचो, दाराला धक्का लागला तरी. आता येईना. म्हटलं, ते मत काढून कसं टाकायचं असतं?

ती हसली का रडली ते फोनवर कळलं नाही. म्हणाली, नको काढूस. ऑफिसात प्रिंट काढून लावलाय, कॉफीच्या मशीनजवळ. सगळ्यांना तोंडपाठ आहे. बॉससुद्धा जिन्यावरून उतरताना म्हणतो, पडलो तर गेम सुधारेल.

मी म्हटलं, सगळं लावलंयस? शेवटचं वाक्यही?

नाही, म्हणाली. ते कात्रीने कापलं.

तात्या दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, घंटा मी वाजवली नाही हं, मंगलाने वाजवली. ती म्हणाली, वाटलंच मला. मग म्हणाली, पाऊणपट तरी ओळखलीस की नाही? म्हटलं, पहिल्या झटक्यात. पोर्तुगालवाल्याला चांगलंच सुनावलं. वाचलंय, म्हणाली. त्याची माफी मी मागितलीय तुझ्या वतीने.

मग म्हणाली, शनिवारी येते, एका रात्रीसाठी. उकडहंडीत वांगी घालू नकोस.

घालणार नाही म्हटलं.

आणि, म्हणाली, तो स्वल्पविराम माझा बरोबर होता.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

शेंगा मंगलाने नव्या आणल्या. बोईसरहून रिक्षा केल्याचा मेसेज आला. (त्यात दोन चुका. ठीक आहे.)

चांगले कप काढायला गेले, तर डाळीच्या डब्यात किल्ली नाही. सगळे डबे पालथे घातले. तांदळात नाही, पिठात नाही, साखरेत नाही. ती येऊन पोचेल आणि मी तिला कानतुटक्या कपात चहा देईन. दोनदा जिना चढले, उतरले. शेवटी तात्यांना विचारलं.

ते उठले, चष्म्याच्या जुन्या केसमधून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, डबे घासायला काढलेस त्या दिवशी डाळीत दिसली. आठवडाभर वाट बघतोय विचारशील म्हणून.

म्हटलं, मला ठाऊकच होतं.